कढई वेगळी आहे का?



‘सीलिअ‍ॅक असलेल्याने प्रवासात घरच्या डब्यावरच राहावे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत वाचले. माझ्या मुलीला हा आजार आहे; गव्हातले ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नाही. डबा आम्हीही नेतो. पण दादरहून तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडीला निघालेल्याला बाहेरचे सगळेच वर्ज्य करायला लावणे पटत नाही. कोकण तांदळाचा मुलूख आहे. घावन, तांदळाची भाकरी, सोलकढी सोडून डब्यातले पोहे का खायचे?

पोळी दिसते, ती टाळता येते. बाजारी हिंगात मात्र बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो आणि तळलेल्या सुरमईला रवा लागलेला असतो.

गिरगाव-दादरला आमचा आधार उपवासाचे पदार्थ. त्यांत गहू चालत नाही, हिंगही बहुधा नसतो. तरी साबुदाणा वडा समोशाच्या तेलात तळला, तर उपवासवाला एखादे वेळी डोळेझाक करील, मुलीचे आतडे करणार नाही. म्हणून आमचा पहिला प्रश्न कढईचा. एके ठिकाणी ‘थोड्याने काय होतंय?’ असे ऐकले आणि शहाळे पिऊन निघालो. थोड्यानेही होते: पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापायचे तर आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

वेटरला आम्ही ‘गव्हा-मैद्याची अ‍ॅलर्जी’ एवढेच सांगतो. अ‍ॅलर्जी नव्हे हे ठाऊक आहे. डॉक्टर वाचकांनी माफ करावे.

— एक वाचक, लालबाग