जुन्या तबकड्यांना नवे यंत्र

दिवाळीची झाडलोट माळ्यापर्यंत पोहोचली की मध्यमवर्गीय घरांत हल्ली एक नवाच तंटा उभा राहतो. तबकड्यांची पेटी ठेवायची की भंगारवाल्याला द्यायची? तरुण मंडळी म्हणतात, "सगळं मोबाईलवर मिळतं, कशाला हा पसारा?" वडीलधारी मंडळी पेटीवर हात ठेवून बसतात. या तंट्यात आम्ही उघडपणे वडीलधाऱ्यांच्या पक्षाचे आहोत. मोबाईलवर पुष्कळ मिळते, पण सगळे मिळत नाही. आणि आज मिळते ते पुढच्या दिवाळीला मिळेलच असे कुणी लिहून देत नाही. शिवाय आपल्या चिरंजीवांच्या मुंजीची तबकडी कुठल्या कंपनीकडे मिळणार?

खरी अडचण पेटीची नसतेच, यंत्राची असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेले 'होम थिएटर' (नाव भारदस्त, वस्तू म्हणजे भिंतीला टांगलेले पाच लहान डबे आणि कोचामागे धडधडणारा एक मोठा) एके दिवशी 'नो डिस्क' म्हणून हटून बसते. यजमान दुकानात जातात. तिथला पोरगा त्यांच्याकडे दयेने पाहत म्हणतो, "काका, हे आता कोण घेतं? साउंडबार घ्या." काका साउंडबार घेऊन घरी येतात आणि तबकडी घालायची फट शोधत बसतात.

त्या पोराचेही सगळेच खोटे नाही. एके काळी मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, आणि आपल्या घराघरांतल्या पेट्या भरल्या. पुढे ती कंपनीच २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. मुंबईच्या काळा घोड्याजवळचे 'ऱ्हिदम हाऊस' २०१६ साली बंद झाले. ओप्पो कंपनीने २०१८ साली प्लेअर काढणे थांबवले, आणि २०१९ साली सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणार नसल्याचे जाहीर केले. निवड अशी आखडत चालली आहे. म्हणून घ्यायचे ते विचार करून घ्यावे. पण त्याआधी घरचे यंत्र खरोखर मेले आहे का, ते बघावे.

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिघी दिसायला जुळ्या बहिणी. बारा सेंटिमीटरांचा व्यास आणि सव्वा मिलिमीटरच्या आतली जाडी सारखीच. फरक आहे तो वाचणाऱ्या प्रकाशाचा. १९८२ सालची सीडी ७८० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणाने वाचतात; १९९६ सालची डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल किरणाने; आणि २००६ सालची ब्लू-रे ४०५ नॅनोमीटरच्या जांभळट किरणाने. किरण जितका बारीक, तितकी अक्षरे बारीक कोरता येतात. म्हणून सीडीवर ७०० एमबी, एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि एकपदरी ब्लू-रेवर २५ जीबी मजकूर मावतो. बहुतेक डीव्हीडी प्लेअरांत सीडीचा किरण वेगळा असतो आणि डीव्हीडीचा वेगळा. तेव्हा गाण्याची सीडी नीट वाजते आणि डीव्हीडी तेवढी दिसत नाही, असे झाले तर यंत्राचा एकच डोळा अधू झाला आहे, असे समजावे. दोन्ही चालत नसतील तर बऱ्याचदा भिंगावर धूळ असते. ट्रे उघडत नसेल तर आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो. तो काही रुपयांना मिळतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे असली कामे करणारे कारागीर अजून बसलेले दिसतात. 'पिकअप', म्हणजे किरण आणि भिंग असलेला भाग, बदलून मिळतो. त्यावर नंबर छापलेला असतो. तो मोबाईलने टिपून न्यावा म्हणजे हेलपाटा वाचतो. एकडबी होम थिएटरच्या मालकांनी तर हा मार्ग आधी चोखाळावा. त्यांच्या यंत्रात प्लेअर आणि आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर एकाच पोटात असतात, आणि स्पीकरांच्या तारांना त्या कंपनीचीच आगळी टोके असतात. डबा टाकला की स्पीकरही मुके.

दुरुस्ती जमलीच नाही, तर मग नवे यंत्र. इथे आम्हांला आमच्या वाड्यातल्या काकूंची हकिकत सांगावीशी वाटते, कारण किती पैसे घालावेत हा प्रश्न तिच्यात नेमका सुटला आहे. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. गृहस्थ पोस्टात कारकून, पण गळा गोड. २००३ सालच्या गणेशोत्सवात त्यांनी वाड्यात नाट्यगीते म्हटली होती; कुणीतरी त्याची चित्रफीत घेतली आणि तिची व्हीसीडी करून दिली. काकांचा आवाज जगात उरला आहे तो त्या एका तबकडीवर. प्लेअर बिघडला, काकूंची दिवाळी फिकी झाली. न्यू जर्सीतल्या मुलाने फोनवरून आश्वासन दिले, "आई, मी इथून फोर-केचा उत्तम प्लेअर पाठवतो." मुलाच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण आम्ही काकूंना म्हटले, आधी त्याला प्लेअरच्या मागची पट्टी वाचायला सांगा.

त्याने वाचली. त्यावर १२० व्होल्ट लिहिले होते. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट असतात; तिथले यंत्र इथे सरळ लावले तर धूरच निघायचा. १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तरच ते आपल्याकडे चालते. दुसरी गोष्ट प्रदेशाची. चित्रपटांच्या तबकड्यांवर विभागाचे कुलूप असते. डीव्हीडीत अमेरिका पहिल्या विभागात आणि भारत पाचव्या, ब्लू-रेत अमेरिका 'ए' आणि आपण 'सी'. फोर-के तबकड्यांना हे कुलूप नाही, पण त्याच यंत्रात घातलेल्या डीव्हीडीला आहेच. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी: त्या प्लेअरच्या माहितीपत्रकात व्हीसीडीचा उल्लेखच नव्हता. व्हीसीडी ही प्रामुख्याने आपल्या आशियातली लेक. पुष्कळ ब्लू-रे आणि फोर-के यंत्रे तिला ओळखही दाखवत नाहीत. अमेरिकेतून येणारे उंची यंत्र काकांचे गाणे वाजवू शकले नसते.

काकूंनी शेवटी इथलाच साधा, व्हीसीडी चालते असे खोक्यावर छापलेला डीव्हीडी प्लेअर घेतला. तसला प्लेअर दोन-चार हजारांत बसतो. तबकडी दुकानात नेऊन, लावून पाहूनच पैसे मोजले. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला चित्र जरा थबकले, पण आवाज पुढे चालू राहिला. दुकानातला पोरगा तेवढा वेळ गिऱ्हाइके सोडून उभा होता.

साधा घ्यायचा म्हणजे कोणताही नव्हे. टीव्हीच्या पाठीशी जाऊन आधी भोके मोजावीत. पिवळी-लाल-पांढरी अशी तीन भोके पुष्कळ नव्या टीव्हींना नसतात, म्हणून प्लेअरला एचडीएमआय हवेच. उलट ब्लू-रेवाल्यांनी ध्यानात घ्यावे, की २०१३ नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेअरांतून जुन्या तीन तारांनी चित्र बाहेर काढण्याची सोयच नियमाने बंद झाली. त्यांना एचडीएमआयवाला टीव्हीच लागतो. आवाजासाठी 'ऑप्टिकल' किंवा 'कोॲक्सिअल' असे लिहिलेले भोक पाहावे. जुन्या ॲम्प्लिफायरला तेच जोडून सहा वाटांचा आवाज मिळतो. लाल-पांढऱ्या जोडीने मिळतो तो नुसता डावा-उजवा. आपल्याकडच्या काही स्वस्त संचांना मागे सहा पिना असतात. त्यांना सहा पिनांचाच प्लेअर लागतो आणि तो हल्ली दुर्मिळ आहे, दिसला तर सोडू नये. आणि प्लेअर टीव्हीला व टीव्हीतून आवाज थिएटरला, असा उलटा फेरा मारायचा असेल, तर काही नवे टीव्ही 'डीटीएस' आवाज पुढे जाऊ देत नाहीत. प्लेअरच्या मेनूत जाऊन 'डॉल्बी' निवडावा.

ब्लू-रे केव्हा घ्यावा? पेटीत दहा-वीस तरी ब्लू-रे तबकड्या असतील तेव्हा. डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, ब्लू-रेचे १९२० बाय १०८०. मोठ्या पडद्यावर फरक शेजाऱ्यालाही दिसतो. पण पेटीत निव्वळ डीव्हीडी असतील, तर "ब्लू-रे प्लेअरवर त्या एचडी दिसतील" या विक्रेत्याच्या बोलण्याला भुलू नये. ठिपके ताणण्याचे काम तुमचा टीव्हीही करतोच. नसलेला ठिपका कुणीच आणू शकत नाही. प्लेअरमध्ये चित्रपटांची ॲप आहेत म्हणून जादा पैसे तर मुळीच देऊ नयेत. ती ॲप काही वर्षांत बंद पडतात, तबकडीचा ट्रे मात्र चालू राहतो. फोर-के यंत्राची बात पडदा फोर-के असेल आणि तशा तबकड्या विकत घेण्याची ऐपत असेल, त्यांनी करावी. आमच्या वाचकांत असे लोक असतील, त्यांचे अभिनंदन.

चोरबाजारी वाटेल, पण एक युक्ती सांगतो. मुलांनी टाकून दिलेले 'प्लेस्टेशन ३' घरात असेल, तर ते सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे तिन्ही वाचते. 'प्लेस्टेशन ४' आणि '५' मात्र गाण्यांची सीडी घेत नाहीत. कॉलेजातल्या नातवाच्या भरवशावर अभंगांच्या तबकड्या तिथे घालायला जाऊ नये.

यंत्र आले की पहिल्याच रविवारी घरगुती तबकड्यांच्या प्रती काढाव्यात. बाजारच्या तबकडीत अक्षरे ठशाने दाबलेली असतात. स्टुडिओवाल्याने भाजून दिलेल्या तबकडीत ती रंगाच्या थरात असतात, आणि तो रंग उन्हाने व दमटपणाने विटतो. जुना संगणक आणि तबकडीचा ड्राइव्ह कुणाकडे तरी असतोच. व्हीसीडीतला 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर उघडला की आत '.डॅट' फाइल सापडते. ती दोन ठिकाणी ठेवावी, एक आपल्याकडे आणि एक बहिणीकडे. तबकडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ; गोल गोल पुसल्याने ओरखडा अक्षरांच्या रांगेवरूनच धावतो. पुसायला मऊ सुती कापड घ्यावे, पदर नको. जरीने काम बिघडते.

जुने यंत्र विकत घेणार असाल तर रिमोट आधी हातात घ्या. पुढे नुसती उघडण्याची आणि चालवण्याची बटणे असतात. भाषा, आवाज, पडद्याचा आकार हे सगळे रिमोटवाचून बदलता येत नाही. "रिमोट उद्या देतो" म्हणणाऱ्याला "मग पैसेही उद्याच" म्हणावे आणि पुढच्या दुकानाकडे वळावे.