औट घटकेचे मंत्रिमंडळ

‘औट’ म्हणजे साडेतीन. थोडा वेळ टिकणाऱ्या सत्तेला आपण ‘औट घटकेचे राज्य’ म्हणतो. प्रांतिक स्वायत्तता आल्यावर मुंबई प्रांताला लाभलेल्या पहिल्या मंत्रिमंडळाने हा हिशेब जवळजवळ तंतोतंत पाळला. फक्त घटकांच्या जागी महिने आले!

१९३७ च्या निवडणुकीत विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत, अशी हमी मिळाल्यावाचून खुर्चीवर बसायचे नाही, असा काँग्रेसचा बाणा. तेव्हा गव्हर्नरांनी साताऱ्याच्या धनजीशा कूपरांना पाचारण केले. १ एप्रिलला ते पंतप्रधान झाले. गृहस्थ कर्तबगार, त्यांच्या कारखान्यातले लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या परिचयाचे. उणीव एकच, पाठीशी बहुमत नव्हते.

असल्या मंत्रिमंडळाचा थोरला नमुना पाहायचा तर डेन्मार्कात जावे लागेल. तिथे एस्ट्रुप या बड्या जमीनदाराने १८७५ ते १८९४ अशी एकोणीस वर्षे सनातनी बाण्याचे मंत्रिमंडळ चालवले. लोकनियुक्त सभागृहात बहुमत विरोधकांचे, त्यांत शेतकऱ्यांचा भरणा मोठा. पण मंत्री नेमणे हा राजाचा हक्क, असे एस्ट्रुपसाहेबांचे ठाम मत. सभागृहाने अंदाजपत्रक अडवले, तर १८८५ पासून हंगामी कायदे काढून त्यांनी खजिना उघडा ठेवला. सभागृहाच्या बहुमताचे मंत्रिमंडळ यायला १९०१ साल उजाडले.

कूपरांवर विधानसभेला तोंड देण्याची पाळीच आली नाही. जूनमध्ये व्हाइसरॉयांनी समजुतीचे निवेदन केले, जुलैत वर्ध्याला काँग्रेसच्या कार्यकारिणीने अधिकारग्रहणाचा ठराव केला आणि १९ जुलैला बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले.

पुढची गोष्ट आम्हां नगरकरांच्या दाराशीच घडली. महायुद्धाच्या प्रश्नावर खेर मंत्रिमंडळाने १९३९ च्या नोव्हेंबरात राजीनामा दिला. १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह कार्यकारिणीची मंडळी नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाली. हाती ना खुर्ची, ना शिक्का. तरी देशाचे कान त्या तटाकडे लागलेले!

वाचकहो, सोसायटीच्या कमिटीपासून वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापर्यंत आपणही कुठे ना कुठे खुर्चीवर असतोच. नियमाने मिळते ती सही करण्याची मुभा. आपला शब्द चालायला मात्र समोर बसलेल्यांची संमती लागते, आणि ती नाही असे दिसले की एकोणीस वर्षे चिकटून बसण्यापेक्षा साडेतीन महिन्यांत उठणेच शोभून दिसते.