हेडलाईट बदलण्याआधी

ऊस सुरू झाला की आमच्याकडचे रस्ते रात्री झोपत नाहीत. श्रीरामपूरहून नेवाशाकडे जा नाहीतर बाभळेश्वरकडे जा, पुढेही उसाची ट्रॉली आणि मागेही उसाची ट्रॉली. अशोकनगरचा कारखाना आमच्याच तालुक्यात, प्रवरानगरचा शेजारी राहाता तालुक्यात, पलीकडे सोनईचा मुळा. दिवाळीच्या आसपास सुरू झालेलं गाळप मार्चपर्यंत तरी चालतं. त्यातच शिर्डी-शिंगणापूरच्या वाटेवरच्या परगावच्या गाड्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, समोरच्या काळोखात दहा-बारा टन ऊस उभा आहे ते!

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे घरातली मंडळी मला सारखी विचारतात, गाडीला एलईडी टाकून घेऊ का? पुण्याच्या भाच्याने तर दुकानातून भावसुद्धा काढून आणला. "मामा, जुन्या बल्बला रात्री काही दिसतच नाही हो." तक्रार खरी आहे. पण त्यावरचा उपाय दुकानदार सांगतो तो नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी काही शास्त्राचा मास्तर नव्हतो. पण आमच्या इथल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मला एकदा जुना बल्ब हातात देऊन जे दाखवलं, ते एकाही जाहिरातीत कुणी सांगत नाही. आपल्या साध्या मोटारींत जो हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा, त्यात दोन तारा असतात. एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा झोत वर न जाता रस्त्यावर पडतो. हेडलाईटच्या आतला चकाकता आरसा आणि पुढची काच ही त्या तारेची जागा अगदी मोजून घडवलेली असतात. आता त्या जागी बाजारातला एलईडी बल्ब खोचला की काय होतं? त्यात तार नसते, जाड पट्टीच्या दोन अंगांना दिव्यांचे ठिपके असतात. उजेड निघण्याची जागा थोडी जरी सरकली तरी झोत फुटतो आणि वर उधळतो. गाडीत बसलेल्याला वाटतं, वा, काय लख्ख पडलंय! कारण बॉनेटसमोरची दहा-पंधरा मीटर जमीन पांढरीफट्ट होते. त्या पांढऱ्या उजेडाने आपल्याच डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं होतं त्याहून कमी दिसतं. समोरून येणाऱ्याचं तर विचारूच नका.

ज्या गाड्या कारखान्यातूनच एलईडी दिवे घेऊन येतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे आरसे आणि भिंगं त्याच दिव्यासाठी घडवलेले असतात. मी बोलतोय ते जुन्या घरात नवा दिवा कोंबण्याबद्दल.

कायद्याचं म्हणाल, तर मूळ बनावटीच्या विरोधात जाणारे बदल गाडीत करता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत नियमबाह्य फेरफाराला, प्रत्येक फेरफारामागे, पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण दुकानं उघडी आहेत आणि गिऱ्हाईकही आहे. असो.

आता म्हाताऱ्यांचं. सत्तरीनंतर अंधारात बाहुली तरुणपणीसारखी मोठी होत नाही, डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आणि झोत पडून दिपलेला डोळा सावरायला जास्त वेळ लागतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोरच्याने दिपवलं आणि डोळा तीन सेकंदांत सावरला असं धरलं, तरी ५० मीटर आंधळेपणाने गेले. त्या ५० मीटरमध्ये एखादा सायकलवाला असेल, ऊसतोडीची बैलगाडी असेल. पूर्वी ट्रकांच्या मागे हमखास 'यूज डिपर ॲट नाईट' लिहिलेलं असायचं आणि ड्रायव्हर लोक ते पाळायचेही. हल्ली अप्परवरच येतात. आपण डिपर देऊन विनवलं तर उलट ते अजून चार दिवे लावतात.

मग करायचं काय? भाच्याला मी सांगितलं, आधी हेडलाईटची काच बघ. प्लॅस्टिकची काच चार-सहा वर्षांत उन्हाने पिवळी, धुरकट पडते. ती घासून पॉलिश करून घे, निम्मं गाऱ्हाणं तिथेच संपेल. नंतर वायरिंग. जुन्या गाडीत बटणातून फिरत फिरत बल्बपर्यंत वीज पोचेतो दाब पडतो. दाब दहा टक्क्यांनी पडला तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. इलेक्ट्रिशियनकडून नीट जाडीची वायर आणि रिले टाकून घे. (शंभर वॅटचे बल्ब मात्र नकोत, होल्डर वितळतात.) आणि झोत बसवून घे. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी कर. डिपरची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकडे असलेली एक चकती असते, ती बहुतेकांनी जन्मात फिरवलेली नसते. मागे माणसं, डिकीत गव्हाची पोती असली की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही. तेव्हा ती चकती फिरवून झोत खाली आणायचा असतो.

एवढं सगळं केलं तरी आमच्या रस्त्यावरची खरी अडचण उरतेच. डिपरमध्ये काळपट वस्तू साधारण ४०-५० मीटरवर दिसायला लागते. ताशी ६० ने जाणारी गाडी, दिसल्यापासून थांबेपर्यंत, जवळजवळ तेवढंच अंतर खाते. ऐंशीला तर हिशेबच संपला. आणि ट्रॉली ही अशीच काळपट वस्तू. मोळ्या मागे लोंबतात, वाढं आणि पाचट दिव्यावर येतं. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असल्या तर मागच्या ट्रॉलीची वायर बहुतेक वेळा तुटलेलीच. पुढे ट्रॅक्टरवर रंगीत दिव्यांची आरास, डेकवर गाणी, मागे मात्र मिट्ट. काही जण तर नांगरटीसाठी असलेला मागचा पांढरा दिवा रस्त्यावरही चालू ठेवतात. मागून येणाऱ्याला वाटतं, समोरूनच कुणी येतंय.

माझा एक जुना विद्यार्थी मोटरसायकलवर असाच गेला. टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे चार दगड आणि उसाचं एक वाढं खोचलेलं. त्याच्या गाडीचा हेडलाईट चांगला होता. त्याची आई अजून बाजारात भेटते. मी काय बोलणार?

रिफ्लेक्टरची लाल पट्टी ही फार शहाणी वस्तू आहे. तिला वीज लागत नाही, वायर लागत नाही. ज्या दिशेने उजेड आला त्याच दिशेने ती तो परत पाठवते. म्हणून मिणमिणत्या हेडलाईटलासुद्धा ती ट्रॉलीच्या कितीतरी आधी दिसते. बैलगाडीच्या आसाला कंदील बांधणारी आमच्या लहानपणची माणसं अडाणी म्हणवली जायची, पण मागच्याला आपण दिसलो पाहिजे हे त्यांना कळत होतं.

हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांवर पोलीस, आरटीओ येतात, रिफ्लेक्टर लावतात, फोटो निघतो. चांगलंच आहे. पण पुढच्या पंधरवड्यात चिखलाने नाहीतर उसाच्या घासाघाशीने ती पट्टी गेलेली असते. माझं म्हणणं असं की प्रत्येक वाहन कारखान्याच्या वजनकाट्यावर दोनदा उभं राहतं, भरलेलं आणि रिकामं. रिकामी ट्रॉली काट्यावर असताना मागचा दिवा आणि पट्टी बघायला अर्धा मिनिट लागतो. नसेल तर पुढच्या खेपेचं टोकन द्यायचं नाही. मालकाला दंडाची भीती वाटत नाही, पण खेप बुडण्याची नक्की वाटते. पट्ट्यांचा गठ्ठा काट्याच्या खोलीतच ठेवावा, चिकटवायला तिथलाच माणूस. बैलगाड्यांना फुकट द्यावी, त्या बीडकडून आलेल्या कुटुंबांकडून पैसे कसले घ्यायचे.

इथल्या एक-दोन संचालकांना मी हे बोलून दाखवलंय. "बघू सर" म्हणाले. तुमच्या भागातल्या कुठल्या कारखान्याच्या काट्यावर अशी तपासणी होत असेल तर मला जरूर कळवा, नावानिशी सांगता येईल.