बटाटा, फेस आणि एक दरवाजा

पन्हाळ्याला आपण कशासाठी जातो? धुकं, तीन दरवाजा, झुणका-भाकरी आणि शंभरएक फोटो! माझाही प्लॅन तोच होता. पण गेल्या रविवारी माझा अख्खा वीकएन्ड एका बटाट्यानं खाल्ला.

झालं काय, मी मैत्रिणीच्या घरी मुक्कामाला होते. सकाळी चहाचा कप घेऊन सोप्यात आले, तर चटईवर अकरावी-बारावीच्या सात-आठ मुली आणि मध्ये मैत्रिणीची धाकटी बहीण. ही कोल्हापुरात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय. समोर दोन बश्या. एकीत कच्च्या बटाट्याच्या फोडी, दुसरीत उकडलेल्या. शेजारी मेडिकलमधून आणलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली. कच्च्या फोडीवर चार थेंब पडले आणि... फस्स! पांढराशुभ्र फेस. उकडलेल्या फोडीवर टाकले, तर ढिम्म.

‘‘ताई, म्हणजे कच्चा बटाटा जित्ता हाय व्हय?’’ एकीनं विचारलं. सगळ्या खो खो हसल्या. ताई मात्र हसली नाही. ‘‘एकदम बरोबर प्रश्न विचारलास,’’ म्हणाली. मग समजावत गेली. बटाट्याच्या पेशीत कॅटॅलेज नावाचं एन्झाइम असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. फेस म्हणजे त्या ऑक्सिजनचे बुडबुडे. बटाटा उकडला की एन्झाइमची घडी विस्कटते आणि त्याचं काम बंद पडतं. अकरावीत मी हे पाठ केलं होतं. कळलं आत्ता!

‘‘आणि याच बटाट्यावर आपल्या एका मराठी बाईनं केंब्रिजची पीएचडी केली,’’ ताईनं पुढचा बॉम्ब टाकला.

या बाई म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला पहिल्या आल्या आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. डायरेक्टर साक्षात सी. व्ही. रामन. नोबेलविजेते! त्यांनी सरळ नकार दिला. कारण एकच, मुलगी आहे. कमलाबाई गप्प घरी परतल्या नाहीत. थेट जाऊन जाब विचारला, ठाण मांडलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. एक वर्ष प्रोबेशन, गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम आणि लॅबचं वातावरण ‘बिघडवायचं’ नाही. बोला आता! हा अपमान त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या.

तिथे त्यांना श्रीनिवासय्या नावाचे गाइड मिळाले. शिस्तीचे जाम कडक, पण मनापासून शिकवणारे. दूध आणि डाळींमधल्या प्रोटीन्सवर काम झालं. वर्षभरात रामन यांचंही मत बदललं आणि त्यानंतर मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं, की सायटोक्रोम सी हे श्वसनातलं प्रोटीन वनस्पतींच्या पेशींतही असतं. प्रबंध फक्त चाळीस पानांचा! १९३९मध्ये डॉक्टरेट. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

इथपर्यंतची स्टोरी इन्स्पिरेशनल म्हणून आपण फॉरवर्ड करतो. १८ जून २०२३ला गूगलनं त्यांचं डूडलही केलं होतं. पण ताईला आवडतो तो पुढचा भाग. लग्नानंतर कमलाबाई मुंबईत आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री शिकवू लागल्या. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी नीरा आणि कडधान्यांवर काम केलं. विषय गरिबाच्या ताटातले होते. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. डायरेक्टरची खुर्ची मात्र हक्काची असूनही बरीच उशिरा मिळाली. तोवर त्या विद्यार्थी घडवत राहिल्या.

मी ताईला खोदून विचारलं, ‘‘तुला या रविवारच्या क्लासचं काय मिळतं? पैसे नाहीत, मार्क नाहीत.’’

ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘‘मागच्या वर्षी एका रात्री लाइट गेले आणि फ्रीझरमधली माझी सहा महिन्यांची सॅम्पल्स वाया गेली. प्रोटीन बाहेर राहिलं की संपलं. सोडूनच देणार होते. सर म्हणाले, पुन्हा सुरू कर, मी आहे. पाच शब्द हो... पण ते म्हणणारं कुणीतरी लागतं ना?’’

लॅबमधले दोस्त तिला वेड्यात काढतात. रविवार इथे घालवण्यापेक्षा पेपर लिही म्हणतात. चूक नाही त्यांचं. पेपर उशिरा होतोय, हे तिलाही माहीत आहे. ‘‘पण त्या मुलींना बारावीनंतर काय विचारायचं, कुणाला विचारायचं, तेच माहीत नसतं,’’ ती म्हणते.

क्लास संपताना मघाच्याच मुलीनं हळूच विचारलं, ‘‘ताई, पीएचडीला किती वर्षं लागतात? घरात काय सांगू?’’ ताईनं थाप मारली नाही. ‘‘बारावीनंतर दहाएक वर्षं धर. मध्ये खूप वेळा फसशील. घरी मी येते बोलायला.’’ मुलगी निघाली, दारातून परत आली. ‘‘उरलेली बाटली नेऊ? कांद्यावर करून बघते.’’

परतताना एसटीत मोबाइल उघडला. मास कॉमच्या एका ज्युनिअरचा मेसेज तीन आठवडे तसाच पडला होता. ‘दीदी, दहा मिनिटं बोलू शकाल का?’ मी बिझी होते म्हणे! काय एवढं काम होतं, मला आठवेना.

वाघबीळ यायच्या आत तिला फोन लावला. दहा मिनिटांचे चाळीस झाले. तुमच्याही इनबॉक्समध्ये असा एखादा मेसेज पडून असेल... बघा जरा!