पंच सोडा, माणूस धरा

विनोदी लिहिणाऱ्या तरुणांची उमेद इतरांपेक्षा लवकर खचते. त्यांच्यात चिकाटी नसते असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या जागी बसून पाहावं. कविता वाचून झाल्यावर श्रोते गप्प राहिले, तर ती शांतता दादही असू शकते. विनोदाला ही सवलत नाही. वाक्य संपतं तिथेच निकाल लागतो, आणि तोही चारचौघांत. विशी-बाविशीच्या मुलाला हा निकाल दोन-तीनदा विरुद्ध गेला, की त्याची वही मिटते.

अलीकडेच पुण्यात एका कॉलेजच्या एकांकिकेचं पहिलं वाचन ऐकलं. विषय होता हाउसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. सुरुवातीची पानं कोट्यांनी आणि पंचांनी भरलेली होती. कोणी हसेना. लेखक मुलगा भराभर वाचायला लागला, त्याचा आवाज उतरला. मग एक प्रसंग आला. सेक्रेटरी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून गंभीरपणे जाहीर करतो, कोरमअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने याच जागी सुरू होईल. तो खाली बसतो, रजिस्टर सरळ करतो, घड्याळ बघतो. बरोबर अर्ध्या तासाने सगळे सभासद घरातल्या चपला घालून एकेक करून खाली उतरतात, कारण साडेदहाची सभा अकराला असते हे प्रत्येकाला वर्षानुवर्षं ठाऊक असतं. खोली हसून हसून लोळली.

मुलगा मात्र गोंधळला होता. नंतर चहाच्या टपरीवर म्हणाला, “सर, ते तर आमच्याकडे खरंच होतं. त्यात मी काहीच केलेलं नाही. मी तो भाग काढणार होतो.”

मला वाटतं, नव्या लेखकांची उमेद इथेच हरवते. आपण जे पाहिलं ते फुकटचं आणि जे जुळवलं तेच आपलं, असं त्यांना वाटतं. मग ते रात्र-रात्र पंच शोधत बसतात. पंच आटले की आपणच आटलो असं समजतात. खरं तर त्या मुलाने बरंच केलं होतं. सेक्रेटरीने रजिस्टर सरळ केलेलं त्याने टिपलं होतं आणि ते योग्य जागी लिहिलं होतं.

मराठी विनोदाची मोठी परंपरा याच जोरावर उभी आहे. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या उभे केले. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींना चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी सापडली आणि तिने त्यांना वर्षानुवर्षं कथा पुरवल्या. ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्याने चिं. वि. जरूर वाचावेत. ते प्रत्येक वेळी नवा विनोद शोधायला निघत नाहीत. तोच चिमणराव ते नव्या अडचणीत सोडतात आणि तो कसा वागेल हे प्रामाणिकपणे बघतात. एक माणूस नीट ओळखीचा झाला, की कोरं पान पूर्वीइतकं भीतीदायक राहत नाही. पुढे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी दूरदर्शनवर आणली, तेव्हा काळ किती बदलला होता! तरी ती माणसं घराघरांत आपली वाटली.

दुसरी गोष्ट मोठ्याने वाचण्याची. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे. कुठलं वाक्य लांबलं आणि कुठे थांबायला हवं, हे समोरचा श्रोता लगेच सांगतो. मोबाइलवरच्या लाइकमधून हे कळत नाही. तिथे फक्त आकडा दिसतो, माणूस कुठे कंटाळला ते दिसत नाही. म्हणून तरुणांना माझं कळकळीचं सांगणं आहे, महिन्यातून एकदा तरी पाच-सहा जणांना बसवून वाचा. त्यात एखादी आजी असू द्या, एखादा शाळकरी मुलगा असू द्या. फक्त मित्र नकोत, मित्र आधीच हसायचं ठरवून येतात. ज्या वाक्यावर लोक चुळबुळतात त्यावर खूण करा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग परत लिहा. अख्खं फाडून टाकू नका.

मात्र सगळा भार या मुलांवरच टाकणं अन्याय आहे. आपल्याकडे विनोदी मजकूर सगळ्यांना हवा असतो. 1951 पासून निघणाऱ्या ‘आवाज’सारखा विनोदाला वाहिलेला दिवाळी अंक आपल्याकडे आहे, पुरुषोत्तम करंडकासारखी 1963 पासूनची एकांकिका स्पर्धा आहे, वाहिन्यांवर प्रहसनं चालू आहेत. पण नव्या लेखकाने पाठवलेल्या मजकुराचं काय झालं हे त्याला बहुतेक वेळा कळतच नाही. नकार पचतो, पण नुसती वाट बघणं माणसाला पोखरतं.

दिवाळी अंकांच्या आणि कार्यक्रमांच्या संपादकांना म्हणून विनंती आहे. नव्या लेखकाचा मजकूर परत करताना दोन ओळी लिहा: कुठे हसू आलं आणि कुठे गाडी अडली. मानधन ठरलं असेल तर ते वेळेवर द्या. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणी असं लिहीत असेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर त्याला वाचायला सांगा आणि शेवटपर्यंत ऐका.