रस गळतोय म्हणून काढत राहू नये

१९७३ साली आलेला ‘सौदागर’ हा हिंदी चित्रपट अनेकांना आठवत असेल. अमिताभ बच्चन यांनी त्यात खजुरीच्या झाडाचा रस काढणाऱ्याची, तर नूतन यांनी त्या रसाचा उत्तम गूळ करणाऱ्या बाईची भूमिका केली होती. नायक दुसरी बायको करतो, तिच्या हातून गूळ बिघडतो आणि बाजारातले त्याचे नाव जाते. चित्रपटात चुलीपाशी बसणारीचे कसब दिसते. पण गुळाची गोडी चुलीच्या आधी झाडावरच ठरते. रस काढणे केव्हा थांबवायचे, हे ज्याला कळते त्याच्याच घरी चांगला गूळ होतो.

ते झाड महाराष्ट्राला परके नाही. आपण त्याला शिंदी म्हणतो. ताडामाडाचा रस फुलोऱ्यातून काढतात. शिंदीचा मात्र खोडातून काढावा लागतो. शेंड्याखालच्या एका बाजूच्या झावळ्या छाटून तिथला कोवळा भाग तासायचा, खाली मडके बांधायचे आणि रात्रभर थेंब थेंब रस जमू द्यायचा. म्हणजे रस हवा तर झाडाला जखम करणे आलेच. म्हणूनच थांबण्याचे नियम इथे जास्त कडक आहेत.

पहिला नियम रोजचा. मडके सूर्य वर येण्याच्या आत उतरवायचे. पहाटेचा ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की तीच नीरा आंबते आणि काही तासांत तिची ताडी होते. आंबण्याचा वेग कमी करण्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात. आंबलेल्या रसातली साखर मोडते, मग कितीही आटवला तरी गूळ नीट धरत नाही. ज्या झाडांची ताडी होते त्यांचाच गूळ करता येईल, हा विचार गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमात होता. गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या कामाला वाहून घेतले. त्यांच्या नावाचे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे प्रशिक्षण केंद्र डहाणूला आहे.

दुसरा नियम आठवड्याचा. बंगालमध्ये हा रस काढणारे ओळीने दोन-तीन रात्री मडके बांधतात आणि मग काही दिवस झाडाला विसावा देतात. तासलेली जागा तेवढ्यात सुकते. विसाव्यानंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सर्वांत स्वच्छ आणि गोड. त्याला तिकडे ‘जिरेन’ म्हणतात. दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीचा रस उतरत्या दर्जाचा असतो.

तिसरा नियम हंगामाचा. शिंदीचा रस थंडीतला. हिवाळा सरला की रात्रीच्या उबेनेही तो मडक्यातच आंबू लागतो. रस गळत असतो, पण त्याची चव गेलेली असते. तेव्हा मडकी उतरवायची आणि झाडाला नवी पालवी धरू द्यायची. पुढच्या वर्षी छेद विरुद्ध बाजूला घेतात. त्यामुळे जुन्या झाडांची खोडे नागमोडी दिसतात आणि खाचा मोजून किती हंगाम रस काढला ते सांगता येते.

गंमत अशी, की हाच नियम दूर कॅनडातही पाळतात. तिथे मेपल वृक्षाचा रस आटवून पाक करतात. त्या रसात साखर जेमतेम दोन टक्के, त्यामुळे एक लिटर पाकाला सुमारे चाळीस लिटर रस लागतो. इतके कष्ट असूनही फांद्यांवरच्या कळ्या उमलू लागल्या की बादल्या उतरवतात, कारण त्यानंतरच्या रसाचा पाक बेचव होतो.

थांबणे ऐकायला सोपे वाटते. पण ज्याचे वर्षाचे पैसे या चार महिन्यांत सुटतात, त्याला आणखी आठ दिवसांचा मोह होणारच. छेद जरा खोल गेला, विसावा चुकला, तर झाड खंगते, कधी मरतेही. नवे झाड रस देण्याजोगे व्हायला कित्येक वर्षे लागतात. आठ दिवसांच्या कमाईपायी मुलाच्या वाट्याचे झाड जाते.

या हिशेबात गिऱ्हाईकाचाही वाटा आहे. नीरा सकाळीच आणि झाकलेल्या मडक्यातलीच घ्यावी. रात्री वटवाघळे उघड्या मडक्याला तोंड लावतात. बांगलादेशात निपाहची लागण अशा कच्च्या रसातून झाल्याचे आढळले आहे. उकळून केलेल्या गुळाला ती भीती नाही. आणि खजुरीचा गूळ थंडीतच घेऊन ठेवावा. ऐन मे महिन्यात ‘ताजा’ गूळ मागितला, तर त्यात साखर मिसळली जाण्याची शक्यताच अधिक. गिऱ्हाईकाने हंगामाबाहेर मागणे सोडले, तर रस काढणाऱ्यालाही वेळेवर मडके उतरवणे सोपे जाईल.