यंदा काय सोडलं?

राखेचा बुधवार आला की आमच्या वसईत हा प्रश्न हमखास कानावर पडतो. कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी चहातली साखर. हल्ली मोबाइल सोडणारेही भेटतात! (ख्रिस्ती नसलेल्या ब्लॉगमित्रांसाठी: राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून चाळीस दिवस, हा आमचा उपवासकाळ.)

सोडलं ते चांगलंच. पण वाचलेल्या पैशांचं काय केलं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

राखेच्या बुधवारी मिस्सेत मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं. त्यात दान, प्रार्थना आणि उपवास एकापाठोपाठ येतात, आणि दान पहिलं! पाचव्या शतकातले पोप थोर लिओ प्रवचनांत हेच सांगायचे, की आपण उपवासात जे खाल्लं नाही ते गरिबाच्या पोटात जावं. आता दिवसाला ५० रुपये वाचले तरी ४० दिवसांचे २००० होतात. ते वेगळ्या डब्यात पडले नाहीत तर घरखर्चात विरघळतात, नाहीतर ईस्टरच्या जेवणावर उडतात. मग तो उपवास कसला, ती तर बचत योजना! आणि शुक्रवारी मटण नाही म्हणून महागडं पापलेट आणणं... असो.

दानाच्याही आधी येतात ती देणी. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी यशयाचा ५८ वा अध्याय वाचतात. उपवासाच्या दिवशीच आपल्या मजुरांना पिळणाऱ्यांना संदेष्टा तिथे चांगलंच फटकारतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा पगार ‘उद्या देते’ म्हणत आठवडाभर लांबलेला, वाडीत राबणाऱ्या मजुराची मजुरी बाकी, भावाकडून घेतलेले हातउसने पैसे सोयीस्कर विसरलेले, आणि दानपेटीत मात्र नोट! हे दान नव्हे, दुसऱ्याच्या पैशांवर मिळवलेलं पुण्य आहे. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, हे आपल्याला पाठ असतं. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन, असंही तो त्याच दमात म्हणाला होता.

काही जण म्हणतील, भक्तीत कसला आलाय हिशेब? पण उपवासकाळ कुठल्याच वर्षी मार्च महिना चुकवत नाही. मार्चअखेर सरकारसाठी पै-पैचा हिशेब लावणाऱ्यांना देवापुढेच तो नकोसा का वाटावा? हिशेब न ठेवणं बरेचदा श्रद्धेपेक्षा सोयीचं असतं.

म्हणून मला क्रम असा वाटतो: पहिल्या आठवड्यात थकलेली देणी फेडायची, मग रोज डब्यात पैसे, आणि गुड फ्रायडेला डबा रिकामा. चर्चच्या निधीत द्या किंवा शेजारच्या आजाऱ्याच्या औषधाला, पण गाजावाजा न करता.

आत्या, मावशी, रागावू नका हं. पण यंदा भेटलात की मी ‘काय सोडलं?’ असं नाही विचारणार. ‘कुणाचं फेडलं?’ असं विचारीन.